न्हाणीघरातले पाणी फ्लशला देणारा घरगुती संच : वापरानंतरचा अभिप्राय

आंघोळीचे आणि हात धुण्याचे वाहून जाणारे पाणी गाळून, निवळून, निर्जंतुक करून संडासाच्या फ्लशच्या टाकीपर्यंत पोहोचवणे एवढेच काम हा संच करतो आणि ते काम तो चांगले करतो, हे सुरुवातीलाच सांगितलेले बरे. पुढे येणाऱ्या बहुतेक तक्रारी पाण्याबद्दलच्या नाहीत. त्या यंत्राच्या स्वभावाबद्दल, त्याच्या देखभालीबद्दल आणि विक्रीच्या वेळी मांडल्या जाणाऱ्या बचतीच्या हिशेबाबद्दल आहेत. संचाचे नाव येथे मुद्दाम दिलेले नाही, कारण या आकाराचे आणि या पद्धतीचे घरगुती संच आतून बरेचसे सारखे असतात, आणि घेणाऱ्याला पेटीवरच्या नावापेक्षा पेटीच्या आत काय आहे व ते कसे वागते याची माहिती अधिक उपयोगी पडेल.

आत दोन टाक्या आहेत. शॉवर आणि बेसिन यांची वेगळी काढलेली वाहिनी प्रथम एका जाळीवर येते, तेथे केस, धागे आणि साबणाचे तुकडे अडतात. तेथून पाणी पहिल्या टाकीत पडते. या टाकीच्या तळाशी हवेचा पंप बारीक बुडबुडे सोडत राहतो आणि त्या प्राणवायूवर जगणारे जिवाणू साबण, घाम आणि तेलकटपणा यांतील सेंद्रिय भाग खाऊन टाकतात. त्याच टाकीत मेम्ब्रेनचे, म्हणजे अतिसूक्ष्म छिद्रांच्या गाळण-पडद्याचे, पत्रे बुडवून ठेवलेले आहेत. त्यांची छिद्रे मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या) काही शतांश भागाएवढी असतात. जिवाणू साधारण अर्धा ते दोन मायक्रॉनचे असल्यामुळे ते पलीकडे जाऊ शकत नाहीत. काही विषाणू मात्र या छिद्रांहूनही लहान असतात, म्हणून मेम्ब्रेनमधून ओढलेले पाणी पुढे जंतू मारणाऱ्या अतिनील (यूव्ही) दिव्याखालून नेले जाते आणि मग दुसऱ्या, स्वच्छ पाण्याच्या टाकीत साठते. फ्लशची टाकी रिकामी झाली की दाब कमी झाल्याचे ओळखून छोटा पंप चालू होतो. दुसऱ्या टाकीतले पाणी संपले तर नळाचे पाणी त्यात पडते. हे नळाचे पाणी टाकीच्या कडेवरून, मध्ये मोकळी फट ठेवून वरून पडते, म्हणजे टाकीतले पाणी कोणत्याही परिस्थितीत पिण्याच्या वाहिनीत उलटे खेचले जाऊ शकत नाही. संच पाहायला गेल्यावर सर्वांत आधी ही फट पाहावी. फटीऐवजी केवळ एकदिशा झडप बसवलेली असेल तर तो संच घेऊ नये, कारण झडपेत कचरा अडकतो आणि रबर कालांतराने निकामी होते. मोकळ्या फटीत बिघडण्यासारखे काही नाही.

स्वयंपाकघरातल्या सिंकचे पाणी या संचाला चालत नाही, आणि चालते असे कोणी सांगितले तरी ते जोडू नये. त्यातला तेलाचा तवंग आणि अन्नाचे कण मेम्ब्रेनवर बसतात, जिवाणूंवरचा भार अनेक पटींनी वाढतो आणि दुर्गंधी लवकर सुटते. वॉशिंग मशीनचे पाणी जोडण्याची सोय आहे, पण शॉवरचे पाणी पुरेसे असेल तर तेही सोडून द्यावे, असे मला वाटते. कपड्यांच्या पाण्यात धागे फार असतात, आणि कपडे मऊ करणाऱ्या द्रवाचा काही भाग न पचता राहून फेस करतो.

पाण्याचा दर्जा कसा आहे? फ्लशच्या टाकीचे झाकण काढून पाहिले तर पाणी नळाच्या पाण्याहून वेगळे ओळखू येत नाही. वास नाही. पेल्यात घेऊन पांढऱ्या कागदासमोर धरले तर क्वचित अगदी फिकट पिवळी छटा दिसते. ती विरघळलेल्या सेंद्रिय पदार्थांची असते आणि मेम्ब्रेन ती अडवू शकत नाही. केसांना रंग लावलेल्या दिवशी ही छटा थोडी वाढते. संडासाच्या भांड्यात पाण्याच्या रेषेवर साध्या पाण्यापेक्षा किंचित लवकर बुळबुळीत थर धरतो, पण ब्रश फिरवला की निघतो. एवढ्यावर माझी पाण्याबद्दलची कुरकूर संपते.

विक्रेते ‘स्फटिकासारखे पाणी’ असे काहीही सांगतात, तेव्हा त्यांना मानकाबद्दल विचारावे. अमेरिकेत २०११ साली आलेले एनएसएफ/एएनएसआय ३५० हे मानक याच प्रकारच्या संचांसाठी आहे. घरगुती वर्गात प्रक्रिया केलेल्या पाण्यातील जैविक प्राणवायू मागणी (सेंद्रिय मळ पचवताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू) आणि तरंगते कण या दोन्हींची सरासरी लिटरमागे १० मिलिग्रॅमच्या आत, गढूळपणा ५ एकक आणि विष्ठेचा अंश दाखवणाऱ्या ई. कोलाय जिवाणूंची सरासरी १०० मिलिलिटरमध्ये १४ पर्यंत असावी, अशी अट त्यात आहे. आकड्यांपेक्षाही मला त्या मानकातली चाचणीची पद्धत महत्त्वाची वाटते. चाचणी २६ आठवडे चालते आणि तिच्यात संचाला मुद्दाम त्रास दिला जातो: एकाच दिवशी भरपूर कपडे धुतले जातात, वीज बंद केली जाते, घरातली माणसे सुट्टीवर गेली आहेत असे मानून पाणीच सोडले जात नाही. खऱ्या घरात यंत्र नेमके अशाच प्रसंगी बिघडते, त्यामुळे ज्या संचाने ही चाचणी पार केली आहे त्याचा दाखला दाखवता येईल का, हा प्रश्न पेटीच्या रंगाआधी विचारण्यासारखा आहे.

आता हिशेब. एक माणूस दिवसाला पाच वेळा फ्लश वापरतो असे धरू. जुन्या, एकाच बटणाच्या ९ लिटरच्या टाकीत चार माणसांचे १८० लिटर जातात. त्याच चार माणसांनी मिनिटाला ९ लिटर सोडणाऱ्या शॉवरखाली पाच-पाच मिनिटे आंघोळ केली तर तेही १८० लिटरच होतात. विक्रेत्याच्या माहितीपत्रकात हा सुंदर जुळलेला हिशेब दिलेला असतो: आंघोळीचे सगळे पाणी फ्लशला, फ्लशचे सगळे पाणी फुकट. पण त्याच घरात दोन बटणांची, ६ आणि ३ लिटर सोडणारी टाकी बसवली तर एक मोठा व चार छोटे फ्लश मिळून माणशी १८ लिटर, म्हणजे चौघांचे ७२ लिटरच लागतात. याचा अर्थ, कोणतेही यंत्र, पंप किंवा दिवा न बसवता केवळ टाकी बदलल्याने रोजचे १०८ लिटर वाचतात, आणि यंत्राला वाचवायला ७२ लिटर उरतात. ऑस्ट्रेलियात १९८० साली कॅरोमा कंपनीत ब्रूस थॉम्पसन यांनी ही दोन बटणांची टाकी घडवली. तिने जगात जितके पाणी वाचवले असेल त्याच्या जवळपासही असे संच अजून पोहोचलेले नाहीत, हे माझे मत आहे. म्हणून ज्यांच्याकडे अजून जुनी टाकी आहे त्यांनी हा अभिप्राय येथेच थांबवून आधी टाकी बदलावी. उरलेला मजकूर पळून जात नाही.

बादलीने आंघोळ करणाऱ्या घराचा हिशेब वेगळा होतो. माणशी एक बादली, म्हणजे पंधरा-वीस लिटर, एवढेच पाणी मिळते. ते दोन बटणांच्या टाकीच्या गरजेशी कसेबसे जुळते, आणि कोणी एका दिवशी आंघोळ टाळली तर संच नळाच्या पाण्यावर जातो. अशा घराने हा संच घेण्यात अर्थ नाही.

विजेबद्दल माहितीपत्रकात एक ओळ असते, ‘अत्यल्प वापर’. हवेचा पंप ३५ वॉटचा आणि दिवा २५ वॉटचा असे धरले तर दोन्ही मिळून ६० वॉट होतात. हे खरोखरच एका छोट्या दिव्याइतके आहे, पण ते चोवीस तास चालते, म्हणजे दिवसाला जवळजवळ दीड युनिट. वर काढलेल्या ७२ लिटरांसाठी दीड युनिट म्हणजे हजार लिटरमागे सुमारे २० युनिट झाले. समुद्राचे खारे पाणी उलट परासरणाने (आरओ पद्धतीने) गोडे करणाऱ्या आधुनिक कारखान्यात हजार लिटरमागे तीन ते चार युनिट लागतात. आंघोळीचे साबणी पाणी फ्लशपुरते निवळण्यासाठी समुद्र गोडा करण्याच्या पाचपट वीज जाळणे हे ज्याला पटत असेल त्याने कारखान्याने ठरवून दिलेली मांडणी तशीच ठेवावी. ज्याला पटत नाही त्याने आत जाऊन दोन गोष्टी बदलाव्यात. हवेचा पंप सतत न चालवता तासातून पंधरा मिनिटे चालवला तरी या आकाराच्या टाकीला आमच्या अनुभवात पुरेसा ठरतो. थंडीत जिवाणू मंदावतात तेव्हा वेळ थोडी वाढवावी लागते. दिवा पाणी वाहत असतानाच लागावा अशी जोडणी करता येते, परंतु वारंवार चालू-बंद केल्याने पाऱ्याच्या दिव्याचे आयुष्य घटते. त्यासाठी पाणी थोडे थोडे न ओढता दिवसातून दोन-तीन मोठ्या हप्त्यांत ओढण्याची मांडणी निवडावी. हे दोन्ही बदल केल्यावर विजेचा वापर एक-चतुर्थांशाच्या आसपास येतो. नियंत्रण पेटीत ही सोय आहे; पुस्तिकेत तिचा उल्लेख इतक्या आतल्या पानावर आहे की कोणी मुद्दाम शोधल्याशिवाय तो सापडणार नाही.

प्रक्रिया न केलेले सांडपाणी साठवून ठेवता येत नाही, हा या सगळ्या विषयातला मूळ नियम आहे. त्यात अन्न आहे, कोमटपणा आहे आणि जंतूही आहेत. काही तासांत विरघळलेला प्राणवायू संपतो, मग प्राणवायूविना जगणारे जिवाणू पाण्यातल्या सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड तयार करू लागतात आणि सडक्या अंड्याचा वास सुटतो. म्हणूनच कच्चे पाणी २४ तासांच्या वर ठेवू नये असे सर्वत्र सांगितले जाते. या संचात हवा सतत मिळत असल्याने तो वेळ लांबतो, पण वीज बराच काळ गेली तर तीच गत होते. घर काही दिवस बंद राहणार असेल तर ‘सुट्टी’चे बटण दाबायचे असते, त्याने पहिली टाकी गटारात रिकामी होते आणि मेम्ब्रेन ओला राहावा एवढेच पाणी तळाशी राहते. परतल्यावर जिवाणूंची वस्ती पुन्हा जमायला वेळ लागतो आणि त्या काळात पाणी थोडे फेसाळ येते. आंघोळीच्या पाण्यात लघवीचा अंश जवळजवळ नसल्याने त्यात नत्र कमी असते आणि जिवाणूंचा आहार मुळातच अपुरा असतो, त्यामुळे ही वस्ती मैलापाण्याच्या टाकीइतकी झपाट्याने वाढत नाही. हे कोणताही विक्रेता सांगत नाही, पण परतल्यानंतरचे फेसाळ पाणी पाहून घाबरून तंत्रज्ञाला बोलावण्याआधी माहीत असावे.

मेम्ब्रेन नसलेला, केवळ जाळी आणि क्लोरीनच्या गोळ्यांवर चालणारा स्वस्तातला प्रकारही मिळतो. तो एका परिचितांच्या घरी पाहिला. पाणी धुरकट दिसते, कारण साबण त्यात तसाच असतो; क्लोरीन त्या सेंद्रिय पदार्थांवरच खर्च होतो, म्हणून गोळी जास्त घालावी लागते; आणि जास्त क्लोरीनने फ्लशच्या टाकीतली रबरी झडप कडक होऊन गळू लागते. पाणी वाचवण्यासाठी बसवलेल्या यंत्रामुळे टाकी गळावी आणि तिच्यातून दिवसभर पाणी झिरपत राहावे, हा विनोद मला तरी महाग वाटतो.

माझी सर्वांत मोठी तक्रार पुढे आहे. संच बिघडला की तो मुकाट्याने नळाच्या पाण्यावर जातो. मेम्ब्रेन तुंबला, हवेचा पंप बंद पडला, जाळीवर केसांचा गोळा बसला, यांपैकी काहीही झाले तरी फ्लश पूर्वीसारखाच चालतो, टाकी पूर्वीसारखीच भरते आणि घरात कोणालाही काही कळत नाही. सूचना म्हणून एक बारीक लाल दिवा आहे, तोही पेटीच्या बाजूला, जिथे पेटी बसवल्यावर भिंत येते. आमच्याकडे संच असाच बराच काळ नळाच्या पाण्यावर चालत राहिला. वीज मात्र तो नेहमीप्रमाणे घेत होता. बसवणाऱ्या कंपनीला कळवल्यावर मिळालेले उत्तर असे होते की फ्लश चालत असल्यामुळे याला बिघाड म्हणता येत नाही, आणि देखभालीच्या करारात फक्त ‘बिघाड’ येतो. माणूस आला तो दुसऱ्यांदा आठवण केल्यावर, आणि मेम्ब्रेन धुण्याचे रसायन न आणता आला. यावर उपाय साधा आहे: टाकीत नळाचे पाणी जेथून पडते त्या नळीवर एक छोटा मीटर बसवून घ्यावा आणि तो दर आठवड्याला पाहावा. मीटर फिरत नसेल तर संच काम करतो आहे. हा मीटर कारखान्यातूनच यायला हवा होता.

देखभालीत अवघड काही नाही, पण ती चुकवता येत नाही. जाळी आठवड्यातून एकदा हाताने साफ करावी लागते, आणि ते काम किळसवाणे आहे. घरात ते कोण करणार हे संच घेण्याआधीच ठरवावे. मेम्ब्रेन अधूनमधून सौम्य हायपोक्लोराइटमध्ये, म्हणजे क्लोरीनच्या द्रावणात, धुवावा लागतो. अतिनील दिवा सतत चालला तर साधारण वर्षभरात बदलावा लागतो, कारण त्यानंतर तो पेटलेला दिसला तरी त्याची जंतू मारण्याची ताकद घटलेली असते. आणि पाणी जड असेल तर दिव्याभोवतीच्या क्वार्ट्‌झच्या नळीवर क्षार चढतात, ते सायट्रिक आम्लाने काढावे लागतात. टाकीच्या तळाचा गाळ काढण्याची झडप मात्र चांगल्या जागी आणि हाताला येईल अशी दिली आहे, हे कौतुकाने नोंदवतो.

बसवणे हा भाग यंत्रापेक्षा मोठा आहे. न्हाणीघर आणि संडास यांची वाहिनी बहुतेक घरांत फरशीखालीच एकत्र होते, आणि ती वेगळी करायची म्हणजे फरशी फोडायची. त्यानंतर फ्लशच्या टाक्यांपर्यंत वेगळी नळी न्यायची. ही नळी जांभळ्या रंगाची असावी. पुनर्वापराच्या पाण्यासाठी जांभळा रंग वापरण्याची पद्धत कॅलिफोर्नियातील अर्व्हाइन रँच पाणी जिल्ह्यातून सुरू झाली आणि आता अनेक देशांत ओळखली जाते. रंगाचा आग्रह हौसेखातर नाही. नेदरलँड्समधील उत्रेख्त शहराच्या लाइडसे राइन या नव्या वसाहतीत पिण्याचे पाणी आणि फ्लश-धुण्यासाठीचे अर्धवट शुद्ध केलेले नदीचे पाणी अशा दोन वाहिन्या घरोघर दिल्या होत्या. २००१ च्या अखेरीस त्या दोन्ही एका ठिकाणी जोडल्या गेल्याने पिण्याचे पाणी दूषित झाले, लोक पोटाच्या विकाराने आजारी पडले आणि पुढे तेथील सरकारने अशा दुहेरी पुरवठ्याच्या मोठ्या योजनांना पूर्णविराम दिला. प्रक्रियेत दोष नव्हता, एक जोड चुकला होता. घरात पुढे कधी तरी दुसराच प्लंबर येणार आणि समोर दिसेल त्या नळीला नळ जोडणार, हे गृहीत धरूनच रंग, चिठ्ठ्या आणि नकाशा ठेवावा. काम संपल्यावर फ्लशच्या पाण्यात खाण्याचा रंग घालून घरातला प्रत्येक नळ उघडून पाहावा; संडासाच्या भांड्याशिवाय कोठेही रंग दिसता कामा नये. आमच्याकडे आलेल्या कारागिरांना ही चाचणी माहीत नव्हती, ती आग्रहाने करून घ्यावी लागली.

आवाजाबद्दल फार सांगण्यासारखे नाही. हवेच्या पंपाची मंद घरघर असते. झोपण्याच्या खोलीच्या भिंतीला संच लावू नये, इतकेच.

एवढे सगळे नको असेल तर जपानी घरांत सर्रास दिसणारा पर्याय पाहावा: फ्लशच्या टाकीच्या झाकणावरच छोटे बेसिन असते, टाकी भरायला येणारे पाणी आधी नळातून हातावर पडते आणि मग टाकीत जाते. त्याला वीज लागत नाही, साठवण नाही, बिघडण्यासारखे काही नाही. वाचते ते फक्त हात धुण्याचे पाणी, पण ते कायम वाचत राहते.

मग हा संच कोणी घ्यावा? चौघांच्या घरापेक्षा वसतिगृह, व्यायामशाळा, छोटे हॉटेल किंवा सामाईक देखभाल असलेली इमारत यांना तो कितीतरी जास्त शोभतो, कारण तेथे आंघोळीचे पाणी रोज आणि भरपूर येते, तोच पंप आणि तोच दिवा अनेक पट पाण्यासाठी वापरला जातो, आणि जाळी साफ करणे हे कोणाचे तरी नेमून दिलेले काम असते. एकट्या घरासाठी, जेथे पाणी खरोखरच दुर्मीळ आहे आणि दोन बटणांची टाकी आधीच बसलेली आहे, तेथे पाचपैकी तीन तारे देतो, अन्यथा दोन. नवे घर बांधणाऱ्याने मात्र संच घेतला नाही तरी न्हाणीघराची वाहिनी संडासापासून वेगळी बाहेर काढावी, तिला तपासणीचे झाकण ठेवावे आणि फ्लशच्या टाक्यांपर्यंत एक रिकामी जांभळी नळी भिंतीत टाकून तिची दोन्ही तोंडे बंद करून ठेवावीत.